जोजीलाचा घाट

घाट ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. कोकणातला माणूस देशावर आला की घाट चढून येतो आणि देशावरचा कोकणात गेला की घाट उतरून जातो. आंबेनळी, कुंभार्ली, वरंधा, आंबोली ही नावे आपल्या तोंडी रुळलेली आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तिथे सातवाहनांच्या काळचा शिलालेख आहे आणि वाटेच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्या रांजणात व्यापाऱ्यांची जकात पडे असे म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीदेखील लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. डोंगरापलीकडच्या मुलखाशी आपला संबंध राहायचा की तुटायचा, हे घाटाच्या तोंडाशी ठरते.

आज मात्र मी तुम्हाला सह्याद्रीतल्या घाटात नेणार नाही. ज्या घाटाविषयी सांगायचे आहे तो हिमालयात आहे. काश्मीरचे खोरे आणि लडाख यांच्या मधोमध तो उभा आहे आणि त्याचे नाव जोजीला. 'ला' या शब्दाचा अर्थ तिबेटी आणि लडाखी भाषांत खिंड असाच होतो. तेव्हा 'जोजीला खिंड' म्हणणे हे 'वडाचा वटवृक्ष' म्हणण्यासारखेच झाले. पण ते आता रूढ झाले आहे, आणि रूढीपुढे व्याकरणाचे काही चालत नाही.

या घाटाची ओढ मला कशी लागली ते आधी सांगतो. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, लष्करात ट्रक चालवीत. जबलपूरला बनलेली 'शक्तिमान' गाडी घेऊन श्रीनगरहून कारगिलला आणि पुढे लेहला रसद पोचवायची, हे त्यांचे काम. १९७९ सालच्या जानेवारीत माझी आजी वारली. घरून तार गेली. तार कारगिलला पोचली, पण आण्णा तिथून निघू शकले नाहीत. जोजीला बर्फाने बंद झाला होता आणि विमानात जागा मिळण्याचा योग आला नाही. घाट उघडल्यावर, मे महिन्यात, ते गावी आले. माझ्या वडिलांनी दहावा-तेरावा केव्हाच उरकला होता. आण्णा एस.टी.तून उतरले ते घरी न येता सरळ नदीवर गेले, तिथे डोके उतरवून घेतले, स्नान केले आणि मग ओल्या कपड्यांनी दारात उभे राहिले. ही गोष्ट आमच्या घरी अनेकदा सांगितली जाई. लहानपणी मला वाटे, असा कसला हा घाट, की जो माणसाला आईच्या तेराव्याला येऊ देत नाही? पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, आणि २०२३ सालच्या जुलैत एकदाचा तो घाट पाहायला गेलो.

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा आहे. श्रीनगर सोडले की थोड्याच वेळात सिंध नदी भेटते. ही आपली सिंधू नव्हे बरे का. काश्मिरात झेलमला मिळणारी ही निराळी लहान नदी आहे, आणि नावाच्या सारखेपणामुळे नकाशात मुलांचा हमखास घोटाळा होतो. कंगन, गगनगीर आणि सोनमर्ग या गावांवरून रस्ता नदीकाठाने वर वर जातो. दोन्ही बाजूंना देवदार आणि पाइनची राने, मधून शेते, अक्रोडाची झाडे. सोनमर्गनंतर बालटाल लागते. अमरनाथच्या यात्रेचा एक तळ इथेच असतो. बालटालच्या अलीकडे रस्ता एकदम डोंगराला भिडतो आणि चढू लागतो.

आमच्या गाडीचा चालक कंगनचा होता. मी शिकवतो हे कळल्यापासून तो मला 'मास्टरजी' म्हणू लागला. चढ सुरू होताच त्याने गप्पा बंद केल्या. गाणे बंद केले. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत चढू लागली. सुमारे साडेअकरा हजार फुटांच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच्या आसपास उरते. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. रस्ता कुठे डांबरी, कुठे नुसता चिखल. वरून वितळत्या बर्फाचे पाणी रस्त्यावरूनच खाली धावत असते. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीच्या तळाशी बालटालचे तंबू रंगीत खड्यांएवढे दिसतात. समोरून मालट्रक आला की कोणी तरी एकाने मागे सरायचे. आमच्या चालकाने एका वळणावर गाडी पन्नास पावले उलटी नेली तेव्हा मी खिडकीतून खाली पाहिले नाही, हे कबूल करतो. आपल्याकडे जुने चालक सांगतात की ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. हा नियम इथेही तसाच पाळतात. पुष्कळ वर्षे या घाटात सकाळी एका बाजूच्या आणि नंतर दुसऱ्या बाजूच्या गाड्या सोडीत, ते का, हे अशा वळणावर न सांगता समजते.

पुढे दरड आली होती. खोऱ्यातून वर येणारी सगळी रांग थांबली. दीड-दोन तास तरी जाणार असे दिसले. तोवर भूगोलाचे थोडे सांगून घेतो, कारण त्याच्याशिवाय इतिहास कळणार नाही.

जोजीलाची उंची सुमारे ११,५७५ फूट आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी जोजीला तिच्यावर सात-आठशे फूट उरतोच. पण हिमालयाच्या हिशेबात ही उंची फारशी नाही. याच रस्त्यावर पुढे फोतूला म्हणून दुसरी खिंड आहे. ती साडेतेरा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे जोजीलापेक्षा जवळजवळ दोन हजार फुटांनी उंच. नवल असे की त्या उंच फोतूलाची कोणी फारशी भीती बाळगीत नाही, आणि या ठेंगण्या जोजीलापुढे सगळे हात टेकतात.

याचे कारण महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्या माणसाला लगेच पटेल. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो, आणि तिथून अवघ्या काही कोसांवर वाईला त्याचा लहानसा वाटा मिळतो, कारण ढग डोंगरमाथ्यावरच रिते होतात. जोजीलाचे तसेच आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढग हिमालयाच्या मुख्य रांगेला अडतात आणि आपले सगळे ओझे बर्फाच्या रूपाने तिथे टाकतात. पलीकडे लडाखला मिळते ते उरलेसुरले. लेहला वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊसपाणी होते. फोतूला उंच खरी, पण ती या कोरड्या बाजूला आहे. जोजीला बरोबर बांधावर बसला आहे. शिक्षक मित्रांनी वर्गात सह्याद्रीच्या आकृतीशेजारीच हिमालयाची आकृती काढून पाहावी.

हा बांध पाण्याचाही आहे. अलीकडचे पाणी सिंध नदीतून झेलमला जाते. पलीकडचे द्रास नदीतून सुरू नदीला आणि तिथून सिंधूला मिळते. पुढे झेलमचे पाणी चिनाबमधून शेवटी सिंधूतच जाऊन पडते. दोन घरांत वाढलेली भावंडे शेकडो कोसांवर पुन्हा भेटावीत, तसे ते आहे.

आता इतिहासाकडे वळू. या वाटेने पूर्वी कोण गेले? राजे गेले, पण राजांहून जास्त गेली ती लोकर. तिबेटच्या आणि लडाखच्या पठारावर एक जातीची शेळी असते. थंडीपासून बचाव म्हणून तिच्या लांब केसांखाली रेशमासारखी मऊ लव येते. तिला पश्म म्हणतात. पश्मिना शाल या लवेची. लव लडाखात आणि शाल विणणारे काश्मिरात, मध्ये जोजीला. १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहात लडाखची ही लोकर विकत घेण्याचा हक्क काश्मीरच्या व्यापाऱ्यांना राखून दिलेला होता. एवढा तिचा भाव! आपल्या पेशवाईत मान द्यायचा तर शालजोडी देत. त्यात काश्मिरी शाल असली तर तिचे सूत कधी तरी कोणा हमालाच्या पाठीवरून वा तट्टाच्या पाठीवरून हा घाट उतरलेले असणार. पुण्याच्या दरबारात ती शाल खांद्यावर घेणाऱ्याला जोजीलाचे नावही ठाऊक नसेल. १८४६ साली अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगाला दिले, तेव्हा दरसाल द्यायच्या खंडणीत एक घोडा, बारा शालीच्या शेळ्या आणि तीन शालजोड्या असे कलम होते. राज्याच्या कागदावर शेळ्या आल्या त्या या लवेच्या जोरावर.

राजे म्हणाल तर चौदाव्या शतकाच्या आरंभी रिंचन नावाचा लडाखी राजपुत्र आश्रयाला म्हणून काश्मिरात आला आणि १३२० साली तिथला राजा होऊन बसला. त्याने इस्लाम स्वीकारून सद्रुद्दीन हे नाव घेतले. काश्मीरचा हा पहिला मुसलमान राजा. पुढे १५३२-३३ च्या ऐन हिवाळ्यात मिर्झा हैदर दुघलात हा काशगरच्या सुलतानाचा सरदार लडाखकडून फौज घेऊन जोजीला उतरला आणि त्याने काश्मीरच्या खोऱ्यात एकच हलकल्लोळ उडवून दिला. हा मिर्झा हैदर बाबराचा मावसभाऊ. तलवारीबरोबर लेखणीही चालवणारा. त्याचा 'तारीख-इ-रशिदी' हा ग्रंथ मध्य आशियाच्या इतिहासाचे मोठे साधन आहे. हिवाळ्यात हा घाट ओलांडता येणार नाही असे समजून खोऱ्यातली माणसे निर्धास्त बसतात, आणि कोणी तरी तो ओलांडतो. हा प्रकार पुढेही घडला आहे.

पण राजांची नावे राहतात आणि ओझे वाहणाऱ्यांची राहत नाहीत. डोग्रा राजवटीत वाटेवरच्या गावांनी हमाल आणि तट्टू पुरवायचे असा दंडक होता. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत त्यातलाच हा प्रकार. साहेब येवो की सरदार, ओझे गावकऱ्यांच्या पाठीवर. हे लोक बर्फातून जायचे तर पहाटेच्याही आधी निघत. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झालेले असते, पाय रुतत नाही, आणि उन्हाने बर्फ सैल होऊन कडा सुटण्यापूर्वी घाट ओलांडून होतो. घड्याळ नसलेल्या माणसांनी जिवावरच्या अनुभवातून काढलेले हे वेळापत्रक होते.

एवढे होईतो दरड बाजूला झाली. पिवळ्या रंगाचे एक बुलडोझर रस्त्याच्या कडेला धापा टाकत उभे होते आणि शेजारी दहा-बारा मजूर फावड्यांवर हात टेकून आमच्या गाड्यांकडे पाहत होते. त्यांचे चेहरे धुळीने आणि उन्हाने इतके रापलेले की कोण कुठल्या प्रांतातला हे ओळखू येऊ नये. चालकाने काच खाली करून त्यांना सलाम केला. मीही केला.

माथा आला तो कळलाच नाही. सह्याद्रीत घाटमाथा आला की समोर एकदम मोकळे आकाश दिसते. जोजीलाचा माथा तसा नाही. दोन डोंगरांमधली ती एक लांबट सपाट घळ आहे, आणि त्या घळीतून वाहता वाहता पाण्याने आपली दिशा कधी बदलली ते तुम्हाला समजत नाही. समजते ते झाडांवरून. मागे पाहावे तर हिरवेगार, पुढे पाहावे तर एक झाड नाही. करडे, पिवळे, जांभळे उघडे डोंगर. पुढे गुमरी नावाची जागा आहे. तिथे युद्धस्मारक आहे. वारा असा की टोपी हातात धरूनच वाचावे लागते. इथे गाडी थांबवायला सांगितली, कारण मला हीच जागा पाहायची होती.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाल्यांची धाड आली हे आपण जाणतो. लडाखची कथा मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्या हिवाळ्यात लेहमध्ये रक्षणाला मूठभरच शिपाई होते. १९४८ च्या फेब्रुवारीत पृथी चंद या लाहौली अधिकाऱ्याने आपल्याच मुलखातले काही डझन स्वयंसेवक घेतले, बरोबर लेहच्या लोकांसाठी बंदुका घेतल्या, आणि ऐन बर्फात जोजीला पायी ओलांडला. मार्चमध्ये ते लेहला पोचले. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचा लडाखी इंजिनिअर होता. त्याने गावकऱ्यांना हाताशी धरून लेहजवळ नदीकाठच्या माळावर विमानासाठी धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तिथे पहिले डाकोटा विमान उतरवले. विमानात जनरल थिमय्या होते. पण विमानाने सगळे भागत नाही. त्याच उन्हाळ्यात गिलगिटकडून आलेल्या सैन्याने कारगिल, द्रास आणि पाठोपाठ जोजीला घेतला. १४ ऑगस्टला स्कार्दूचा महिनोन्महिने वेढलेला किल्ला पडला. लेहला जाणारी दुसरी वाट मनालीकडून, रोहतांगवरून. तीही हिवाळ्यात बर्फाखाली जाते. म्हणजे बर्फ पडायच्या आत जोजीला हाती आला नाही, तर लेहची जमिनीवरून मदत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लेह टिकेलच याची खात्री कोणी देईना.

सप्टेंबरात ७७ पॅराशूट ब्रिगेडने घाटावर हल्ला चढवला. तो फसला. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर शत्रूच्या मशीनगन होत्या आणि खालून चढणारे शिपाई त्यांना उघडे दिसत होते. तेव्हा थिमय्यांनी असा बेत केला की जो ऐकून लोकांनी मान हलवावी. घाटात रणगाडे न्यायचे! एवढ्या उंचीवर तोवर जगात कुठे रणगाडे लढले नव्हते. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडे होते. प्रत्येकाचे वजन चौदा-पंधरा टनांचे. त्या वेळी बनिहालचा जवाहर बोगदा नव्हता, तो १९५६ साली झाला. तेव्हा बनिहालची खिंड चढून ते आणावे लागले. वरचे बुरूज काढून घेतले, अंगावर ताडपत्र्या घातल्या, जेणेकरून पाहणाराला ती साधी वाहने वाटावीत. वाटेतले पूल त्या वजनाचे नव्हते. तिथे रणगाडे मोठ्या कौशल्याने ओढून पार केले.

पण रणगाडे बालटालला आले तरी पुढे काय? पुढे होती खेचरांची पायवाट. ती रुंद करण्याचे काम मद्रास सॅपर्सच्या दोन कंपन्यांवर आले. मेजर थंगराजू त्यांचे प्रमुख. माझ्या मते या सगळ्या हकिगतीतला खरा पराक्रम इथे आहे. दक्षिणेतल्या गरम मुलखातली ही माणसे, बर्फ आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली, ऑक्टोबरच्या थंडीत, शत्रूच्या गोळीच्या टप्प्यात, सुरुंग लावीत आणि दगड फोडीत ती पायवाट रणगाड्याच्या रुंदीची करीत होती. लढाईच्या इतिहासात हल्ला करणाऱ्यांना पानेच्या पाने मिळतात आणि रस्ता करणाऱ्यांना एखादी ओळ. मी वर्गात हा हिशेब जरा उलटा मांडतो. मुले हसतात, पण लक्षात ठेवतात.

खराब हवेमुळे हल्ला पुढे ढकलावा लागला. शेवटी १ नोव्हेंबर १९४८ रोजी दुपारी, बर्फ भुरभुरत असताना, लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग यांचे रणगाडे घाट चढून गुमरीच्या घळीत शिरले. 'स्पॅरो', म्हणजे चिमणी, हे त्यांचे लष्करातले लाडके नाव. थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यांत होते असे सांगतात. वरच्या मोर्चांतून बसलेल्या शत्रूला खालून रणगाड्यांची घरघर ऐकू आली तेव्हा त्याचा कानांवर विश्वास बसला नसेल. रणगाड्यांनी ते मोर्चे एकेक करून फोडले, मागून पायदळ कड्यांवर चढले, आणि संध्याकाळपर्यंत घाट हातात आला. ब्रिगेडियर अटल यांची ब्रिगेड पुढे निघाली. नोव्हेंबरच्या मध्यास द्रास मिळाले. २४ नोव्हेंबरला कारगिलमध्ये ही ब्रिगेड आणि लेहकडून आलेली आपली तुकडी यांची गाठ पडली. १ जानेवारी १९४९ पासून युद्धबंदी झाली. तारखांमधले अंतर पाहा, किती थोडे आहे ते! या चालीत गोळीने जितके त्रस्त केले तितकेच थंडीने केले. शिपायांकडे त्या हवेचे कपडे नव्हते. हिमदंशाने कित्येकांची बोटे गेली.

स्मारकापुढे माझ्याशिवाय दोन-तीन कुटुंबे होती. त्यांची मुले कडेच्या मळकट बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारीत होती. त्यांना बोलावून हे सगळे सांगावे असे वाटले, पण वाऱ्यात आवाज पोचेना. शिवाय सुट्टीवर आलेल्या मुलांना मास्तर नको असतो.

घाट जिंकला एवढ्याने तो आपला झाला असे नाही. तो दर वर्षी नव्याने उघडावा लागतो. १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि तिच्या 'बीकन' या प्रकल्पाकडे काश्मीरकडचे रस्ते आले. खेचरांच्या वाटेचा मोटाररस्ता झाला. पण बर्फ काही हटले नाही. कडे सुटून जिथे बर्फ साचते तिथे वीस-वीस, तीस-तीस फुटांचे ढीग होतात. हिवाळा सरला की सोनमर्गकडून आणि द्रासकडून अशा दोन्ही बाजूंनी यंत्रे बर्फ कापत येतात आणि मध्ये कुठे तरी समोरासमोर येतात. रस्ता मोकळा झाला की दोन्हीकडे बर्फाच्या भिंती आणि मधून गाडीपुरती गल्ली. आण्णा सांगत, पहिली गाडी त्या गल्लीतून नेताना कोणी हॉर्न वाजवीत नसे. चाकांना साखळ्या बांधायच्या. रात्री मुक्काम पडला तर रेडिएटरमधले पाणी सोडून द्यायचे, नाही तर ते गोठून रेडिएटर फुटतो. पहाटे टाकीखाली शेकोटी करायची, कारण डिझेल तुपासारखे थिजलेले असते. आणि मग सगळे ठीक झाले की नारळ नसला तरी चहाच्या घोटाचा नैवेद्य दाखवून निघायचे.

आण्णांच्या काळी घाट पाच-सहा महिने बंद राही. हल्ली यंत्रे चांगली झाली आणि बर्फही लहरी झाले. २०२३ साली ६८ दिवसांच्या खंडानंतर १६ मार्चला घाट उघडला. २०२५ साली अवघ्या ३२ दिवसांनी, १ एप्रिलला. त्या गल्लीतून पलीकडे पहिल्या दिवशी जातात ते भाजीचे, औषधांचे आणि गॅसच्या टाक्यांचे ट्रक. कारगिलला महिन्या-दोन महिन्यांनी ताजा टोमॅटो दिसतो, त्याचे मोल आपल्याला काय कळणार?

या रस्त्याचे महत्त्व शत्रूलाही तितकेच ठाऊक. १९९९ च्या उन्हाळ्यात, बर्फ वितळायच्या सुमारास, पाकिस्तानी सैनिक द्रास-कारगिलच्या शिखरांवर चढून बसलेले आढळले. तोलोलिंग आणि टायगर हिल ही शिखरे द्रासच्या डोक्यावर आहेत. तिथून खालचा रस्ता तळहातासारखा दिसतो आणि त्यावरची प्रत्येक गाडी तोफेला सापडते. लेहला जाणारी रसद तोडायची हा डाव होता. जूनमध्ये तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल आपल्या जवानांनी परत घेतले. त्या आठवड्यांत दिवे न लावता रात्रीच्या रात्री ट्रक हाकणाऱ्या चालकांबद्दल मी फारसे कुठे वाचले नाही.

आता या घाटाखालून बोगदा खोदण्याचे काम हाती घेतले आहे. बालटालकडून मीनामर्गकडे जाणारा, तेरा किलोमीटरांहून जास्त लांबीचा. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा पहिला सुरुंग उडाला. अलीकडे गगनगीर आणि सोनमर्ग यांच्यामधला साडेसहा किलोमीटरांचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी खुला झाला. मी गेलो तेव्हा तिथे काम चालू होते आणि डोक्यावर शिरस्त्राण घातलेले मजूर पाळीनंतर रस्त्याकडेला चहा पीत बसलेले पाहिले होते. २० ऑक्टोबर २०२४ रोजी संध्याकाळी त्याच गगनगीरला कामगारांच्या वस्तीवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. एक डॉक्टर आणि सहा कामगार मारले गेले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा मला त्या चहाच्या गाड्याभोवतीची माणसे आठवली. आपल्या बोरघाटात रेल्वेसाठी १८५६ ते १८६३ या काळात बोगदे खोदताना पटकीने आणि अपघातांनी किती मजूर गेले ते आठवा. लोणावळ्याला जाताना आपण त्या बोगद्यांतून डबा उघडून जेवत जातो.

बोगदा झाला की वरचा रस्ता ओस पडेल का? आपल्याकडे खंबाटकीत बोगदा झाला, तरी पुण्याहून साताऱ्याकडे येणारी गाडी घाट चढतच राहिली. जोजीलाचे काय होईल ते लडाखचे लोक ठरवतील. आमच्या चालकाला विचारले तर तो म्हणाला, 'मास्टरजी, आप लोग ऊपर से आना, बर्फ देखने. हम नीचे से जाएँगे.' मला त्याचे म्हणणे रास्त वाटले. ज्याला हौस आहे त्याने वरून जावे, ज्याला काम आहे त्याने खालून.

गुमरीहून उतरलो. मीनामर्गच्या चौकीत नावे लिहून दिली. माताईन, पांद्रास अशी गावे गेली. सपाट माळवदाची घरे, त्यांवर वाळत घातलेला चारा आणि गोवऱ्यांचे ढीग. हिवाळ्याची बेगमी जुलैतच सुरू झाली होती. हा सगळा पट्टा कडाक्याच्या थंडीचा म्हणून प्रसिद्ध. संध्याकाळी द्रासला पोचलो. एका हॉटेलात गरम डाळ-भात खाल्ला आणि आण्णांना फोन लावला. त्यांचे वय आता पंचाहत्तरीला टेकलेले. कान जरा कमी ऐकतात, तेव्हा मोठ्याने बोलावे लागते. सारे हॉटेल आमचे संभाषण ऐकत होते.

"काय प्राध्यापक, झाला का घाट?"

"झाला आण्णा. गुमरीला उतरून स्मारक पाहिलं."

"गाडी बंद केलीत का तिथं?"

"केली की."

"तिथं गाडी बंद करायची नसते. परत चालू होत नाही."

मी त्यांना बोगद्याचे सांगितले. किती लांब, कुठून कुठे, सगळे. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले फोन तुटला.

"म्हणजे जानेवारीतसुद्धा येता-जाता येईल?"

"येईल, आण्णा."

"बरं होईल," ते म्हणाले, आणि मग तिकडे पाऊस कसा आहे ते सांगू लागले.